खुर्चीचं औषध

टाळांचा गजर वाढला की खुर्चीतून अंगारा पडायचा. आधी थोडासा, चाळणीला पहिला हात मारल्यावर पीठ पडतं तसा. मग आरती रंगात यायची, मागची पोरं ढोलकी धरायची, बायका एकेक करून पुढे येऊन खुर्चीच्या पायांवर कपाळ टेकायच्या, आणि धार लागायची. पिवळसर, बारीक, मैद्यासारखा मऊ अंगारा. खाली पितळी परात ठेवलेली असे. तिच्यात तो साचताना पाहून अंगणात दाटीवाटीनं उभं असलेलं गाव श्वास रोखायचं.

"पाहून घ्या बाप्पा," जानराव महाराज माईकवरून सांगायचे. एका हातात माईक, दुसरा हात कायम खुर्चीच्या पाठीवर. "भक्ती चढली का प्रसाद उतरते. भक्ती थांबली का प्रसाद थांबते. हे काही जादू नोहे, हे विज्ञान हाय. फॉरेनच्या लोकायनं मशिनी लावल्या, त्यायले अजून पत्ता नाही लागला."

कोणत्या फॉरेनच्या लोकांनी भातकुलीच्या पलीकडे आमच्या गावात येऊन मशिनी लावल्या, हे कोणी विचारत नसे. विचारणार कोण? मी त्या घरची सून. दाराशी पायताणांचा ढीग, ओट्यावर नारळांच्या करवंट्या, आणि पाणी भरायला निघाले तर अनोळखी म्हाताऱ्या माझ्याच पाया पडायला वाकायच्या. मी कडेवरच्या अंकुरला छातीशी धरून मागे सरायची. शरमेनं कान तापायचे. त्यांना वाटायचं, केवढी नम्र सून.

खुर्ची तशी खरंच पाहण्यासारखी. माझ्या नवऱ्याच्या, धर्मेंद्रच्या पणजोबांनी, चंद्रभानजींनी ती अचलपुरात घडवून घेतलेली, मेळघाटच्या सागाची. पाठीवर आंब्याच्या पानांची वेल, वेलीत दोन राघू, हातांच्या टोकांना वाघाचे पंजे. घरच्या वडील माणसाचं तेरावं झालं की थोरल्या मुलानं तिच्यात बसायचं आणि मग तो असेपर्यंत दुसऱ्या कोणी नाही, हा घरचा रिवाज. लग्न होऊन मी अकोल्याहून इथे आले तेव्हा न कळून तिच्या पाठीवर ओला टॉवेल टाकला होता. सासूबाई उठून आल्या. टॉवेल उचलला आणि कोरड्या फडक्यानं राघू पुसून घेतले, आधी एक, मग दुसरा. त्यातच मला सगळं कळलं.

पण खुर्ची सगळी सागाची राहिलेली नव्हती. एका पावसाळ्यात पुराचं पाणी घरात शिरलं, पाय आणि खालची पट्टी सडली. माझ्या सासऱ्यांनी, उत्तमरावांनी, बांधावरच्या आंब्याच्या लाकडाचे नवे पाय बसवून घेतले, त्यांवर जुन्यासारखीच वेल कोरून घेतली आणि वरून पॉलिश. पाहणाऱ्याला वेगळं काही कळायचं नाही. हे लक्षात असू द्या.

मागच्या दसऱ्याला खुर्चीची पूजा झाली आणि त्यानंतर लगेच बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून आणल्यावर त्यांची खाट ओसरीवर, खुर्चीसमोरच टाकली, म्हटलं नजरेसमोर त्यांची वस्तू राहील. तोंडातून नुसतं "आं, आं" निघायचं. माझा अंकुर तेव्हा "बा" आणि "मा" जुळवायला लागला होता. घरात दोन माणसं बोलायला शिकत होती, एक माझ्या मांडीवर आणि एक खाटेवर. मी जशी अंकुरच्या ओठांकडे बघत बसायची, तशा सासूबाई, आमच्या गोदाबाई, मी त्यांना आई म्हणते, बाबांच्या ओठांकडे बघत बसायच्या. भात भरवताना, अंग पुसताना, गोळ्या कुटून पाण्यात कालवताना. माझ्या लेकराचे शब्द वाढत होते. त्यांच्या वाट्याला काही येत नव्हतं.

चैत्र लागला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे पत्र्यावर पापड भाजावा असा. एका सकाळी आई खुर्चीखाली झाडायला वाकल्या तर तिथे पिवळी पूड पडलेली, आणि खुर्चीच्या पायांवर चिकट थेंब, माणसाला घाम सुटावा तसे. त्या बघत राहिल्या, तेवढ्यात मागून शब्द आला.

"औषध."

बाबा बोलले होते. डावा हात खुर्चीकडे उचलून, सगळा जीव गोळा करून. "औषध. औषध."

आईंच्या हातून फडा गळून पडला. त्या माणसाचा शब्द ऐकायला बाई इतकी भुकेली झाली होती, की शब्द कशाबद्दल आहे हे विचारायचं तिला सुचलंच नाही. तिनं पूड चिमटीत घेतली, बाबांच्या कपाळाला लावली, आणि थोडी जिभेवर ठेवायला गेली. बाबांनी मान फिरवली आणि डाव्या हातानं तिचा हात झटकला.

"मले म्हणतात आधी तू घे," आई रडत रडत मला म्हणाल्या. "आजारी माणूस, पण पहिले बायकोची आठवण."

मलाही रडू आलं.

शेजारच्या माणिकबाईंनी ती पूड गुडघ्याला चोळली आणि गुडघा हलका झाला. आदल्या दिवशी भातकुलीला जाऊन त्याच गुडघ्यात सुई घेतली होती, हे सांगायचं तेवढं राहून गेलं. मग माणिकबाईंच्या बहिणीचा दमा, मग कोणाची म्हैस. आठवडा उलटला नाही तोच परतवाड्याकडून एक जीप आली आणि तिच्यातून जानराव महाराज उतरले. पूर्वी ते लग्नाचे मंडप घालायचे. माईक आणि भोंगे तेव्हापासूनचेच.

महाराजांनी खुर्चीभोवती फेरी मारली, वाघाच्या पंजाचा वास घेतला, डोळे मिटले. ज्या सागाची ही खुर्ची, त्या सागाखाली धारणीच्या जंगलात एक तपस्वी बसले होते म्हणे. इतके बसले, इतके बसले, की झाडानं त्यांना पोटात घेतलं. आता ते घामाच्या रूपानं दर्शन देतात आणि अंगाऱ्याच्या रूपानं दुखणं नेतात.

"सागात तपस्वी बसले ते ठीक," मी स्वयंपाकघरात धर्मेंद्रला म्हटलं, "पण पूड तर आंब्याच्या पायातून पडून राहिली. तिथं कोण बसलं होतं?"

"तुले हरेक गोष्टीत खोट काढाची सवयच हाय."

"लाकडाला भुंगा लागला असेल. आमच्या अकोल्याच्या घरी चौकटीला..."

"चौकटीपुढं कोणी हात जोडते का, प्रणाली? इथं लोक हात जोडून राहिले. बाबाच्या पाया पडून राहिले. बापाले जिवंतपणी एवढा मान भेटला, तुले काय खुपते त्याच्यात?"

खुपत होतं ते सांगता येत नव्हतं. धर्मेंद्र वाईट माणूस नाही. बाप खाटेला खिळल्यापासून तो अंगणात बसून राहायचा, कोणाशी धड बोलायचा नाही. आता तो नवा सदरा घालून दाराशी रांग लावायचा आणि सरपंच गाडीवरून उतरून त्याला रामराम घालायचा. त्याच्या तोंडावरचा तो उजेड मालवायला माझंही मन धजत नव्हतं.

आणि बाबा? ते तर अर्धे देवच झाले होते. लोक खुर्चीला टेकून मग खाटेपाशी यायचे. बाबा डावा हात जोरजोरानं हलवायचे, त्याला आशीर्वाद म्हणायचे. "औषध, औषध" ओरडायचे, तेव्हा महाराज माईक त्यांच्या तोंडाशी धरायचे आणि सगळ्या गावाला भोंग्यावरून तो शब्द ऐकू जायचा. डोळ्यांतून पाणी गळायचं, त्याला भक्तीचे अश्रू म्हणायचे. शेवटी दमून ते डोळे मिटून घ्यायचे. ती समाधी.

अंगारा जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधला जाई. त्याला एक उग्र वास होता. पण आमच्या गावात त्या वासाची नवलाई कोणाला? फवारणीच्या दिवसांत तो कपड्यांना येतो, अंथरुणाला येतो, भाकरीलासुद्धा येतो. नाकं मरून गेलेली. त्यातून महाराज अंगाऱ्यावर अत्तर शिंपडायचे, वर कापूर जळायचा.

अंकुरच्या कपाळाला आई रोज अंगारा लावायच्या आणि मी रोज ओल्या फडक्यानं पुसायची. तो अजून अंगावर पितो, त्याला वरचं काही सोसणार नाही, असं सांगून मी त्याच्या जिभेला तो लागू दिला नाही. आईंनी ते मानलं. बाळंतिणीच्या आणि दुधाच्या बाबतीत सासवा लवकर मानतात.

माणिकबाईंची सून करिश्मा माझ्या वयाची. त्यांचा भाजीपाल्याचा आणि फुलांचा मळा, ती रोज ओंजळभर मोगरा घेऊन यायची. गावात मनातलं बोलावं अशी मला तेवढी एकच. तिचा पियुष दोन वर्षांचा, अंकुरची बोटं मोजत बसायचा. एका दुपारी ती त्याला खांद्यावर टाकून आली. पोराला ढाळ लागले होते.

"वहिनी, सासू म्हणते दुधातून अंगारा देऊ. तुमी शिकलेल्या. तुमी सांगा, देऊ का?"

आई आत ओट्याशी तांदूळ निवडत होत्या. मी दाराकडे पाहिलं आणि म्हटलं, "नको देऊस. भातकुलीले डॉक्टरले दाखव."

नको म्हटलं. पण हळू म्हटलं, ओट्यापर्यंत जाऊ नये इतकं हळू.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कुंपणापलीकडून करिश्माची हाक आली, शब्द नसलेली. मी अंकुरला घेऊन धावले. पियुष तिच्या मांडीवर लोळागोळा पडला होता. तोंडातून लाळेची तार, अंग घामानं चिंब, छातीत घरघर. मान धरली की पडायची. त्याचा बाप भाजी घेऊन बाजाराला गेलेला. धर्मेंद्रनं पिकअप काढली. करिश्मा, माणिकबाई आणि मी पुढे दाटीनं बसलो. वाटेत माणिकबाईंनी कमरेची पिशवी सोडून पुडी काढली. "थोडा टाकू तोंडात, अमरावतीपर्यंत टिकन."

मी ती पुडी त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि अंकुरच्या दुपट्यांच्या पिशवीत कोंबली. लग्न झाल्यापासून मोठ्या बाईच्या हातातून काही ओढायची ती पहिलीच वेळ.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पियुषच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. नर्सला त्यांनी भराभर काही सांगितलं आणि आमच्याकडे वळल्या.

"औषध प्यायला का हा?"

माणिकबाई पुढे झाल्या. "दिलं न बाई, औषध तर सुरूच हाय. काल बी दिलं, आज बी दिलं. दुधात."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "दुधात? फवारणीचं औषध तुम्ही लेकराला दुधात दिलं?"

"फवारणीचं काहून देऊ वो बाई? माया नातू हाय थो. खुर्चीचं औषध."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत शिकलेली दिसणारी मीच होते. मी पिशवीतून पुडी काढून दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, पुन्हा नेली, आणि माझ्यापुढे धरली.

अत्तर उडून गेलं होतं. खाली होता तो आमच्या गोठ्यातल्या फळीवरचा वास, कपाशीवर मारतात त्या बाटलीचा.

तिथेच मला तो शब्द दोनदा ऐकू आला. आमच्या वऱ्हाडात माणूस शेतातून येऊन "औषध मारून आलो" म्हणतो तेव्हा दवाखाना कोणाच्या मनातही येत नाही. पिऊन कोणी मेला तरी म्हणतात, औषध घेतलं. जगवणारं आणि मारणारं, दोन्हींना आम्ही एकच नाव ठेवलं आहे. बाबा जन्मभर शेतकरी. त्यांच्या तोंडात औषध म्हणजे आधी फवाऱ्यातलं. पण त्यांना लकवा झाल्यापासून आमच्या घरात औषध म्हणजे गोळ्या आणि बाटल्या, सकाळची आणि रात्रीची. आम्ही आमच्या कानांनी ऐकलं.

पियुषला एकामागून एक इंजेक्शनं दिली. मी करिश्माच्या शेजारी फरशीवर बसून होते. अंकुर रडला तेव्हा तिनं सवयीनं त्याची पाठ थोपटली. ते थोपटणं मला मारल्यासारखं लागलं. उजाडताना पियुषनं डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता भीती नाही, पण अजून इथेच राहू द्या.

घरी परतताना धर्मेंद्र नुसता समोर बघून गाडी हाकत होता. घरात शिरल्या शिरल्या मी बाबांच्या खाटेपाशी बसले. आई उशाशी होत्या. मी बाबांचा डावा हात हातात घेतला.

"बाबा, कायचं औषध? गोळ्यायचं का फवाऱ्याचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. बुडणाऱ्याच्या हाताला काठ लागावा, तशी. त्यांनी माझी बोटं इतकी दाबली की अंगठी रुतली.

"खुर्चीच्या पायायले भुंगा लागला होता?"

मान हलली.

"तुमी त्याच्यात कपाशीचं औषध भरलं?"

मान हलली. मग त्यांनी हात सोडवून घेतला आणि अंगठा हवेत दाबून दाखवला, सुई टोचतात तसा. धर्मेंद्र गोठ्यात गेला आणि फळीवरून तीन वस्तू घेऊन आला: निम्मी बाटली, बैलाला टोचायची मोठी पिचकारी आणि वितळवलेल्या मेणबत्तीचं बूड. दसऱ्याला खुर्ची पुसताना बाबांना भोकं दिसली असणार. त्यांनी पाणी न घालता, आहे तसं औषध पिचकारीनं भोकांत भरलं आणि वरून मेणानं बुजवलं. कोणाला सांगायच्या आधीच लकवा आला. चैत्राच्या उन्हात मेण पाघळलं. तोच खुर्चीचा घाम. बुचं निघाली आणि आत साचलेला भुगा, औषध मुरलेला, बाहेर पडू लागला. तोच अंगारा.

आणि बाबा, त्या शब्दाशिवाय दुसरा शब्द नसलेले, रोज ओरडत होते. खाऊ नका. हात लावू नका. आम्ही त्यांच्यापुढे नारळ फोडत होतो.

आई खाटेच्या कडेला सरकल्या. मग बाबांचा तो हात त्यांनी स्वतःच्या गालाला लावला. "तुमी नाही म्हणून राहिले होते," त्या म्हणाल्या. "अन् मी तुमचा हात धरून लोकायच्या डोक्यावर ठेवून राहिली."

धर्मेंद्र खुर्चीकडे पाठ करून उभा होता. बाबांची तब्येत बिघडली म्हणून आरती बंद, एवढंच सांगू, असं त्याचं म्हणणं पडलं. लेकरू वाचलं. कशाला पुढचं उकरायचं, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. खोटं कशाला बोलू, मलाही ते बरं वाटलं. दार लावून घ्यावं, शरम आतल्या आत जिरवावी.

पण संध्याकाळी महाराज आमच्या आधीच तयार होते. पियुषची बातमी गावभर झाली होती आणि लोक नेहमीपेक्षा जास्त जमले होते. भोंगा लागला.

"बाप्पा हो, अंगाऱ्यानं कोणाचं वाईट झालं का? नाही झालं. मंग काल काहून झालं? इचारा त्या लेकराच्या मायले. विटाळात असताना शिवली बाई अंगाऱ्याले. अमृताचं जहर होते अशानं. आता शांती करा लागन."

बायका एकमेकींकडे पाहून माना हलवू लागल्या. करिश्मा तिकडे दवाखान्यात फरशीवर बसलेली, आणि इकडे तिच्या कपाळी हे लिहून मोकळे. उद्या ती लेकरू घेऊन परत येणार ती या गावात, या बायकांत.

मी अंकुरला आईंच्या मांडीवर दिलं, पोळपाटावरचं लाटणं उचललं आणि ओसरीवर खुर्चीपाशी गेले.

"टाळ थांबवा," मी म्हटलं. या वेळी हळू नाही.

टाळ थांबले ते माझ्या धाकानं नाही, नवलानं. मी महाराजांना खुर्चीवरचा हात काढायला सांगितलं. त्यांना काही सुचेना, त्यांनी काढला. पूड पडायची थांबली. "पाहा, भक्ती थांबली, प्रसाद थांबला," ते म्हणाले. मी वाकून आंब्याच्या पायावर लाटण्यानं टकटक केलं. ना टाळ, ना आरती. परातीत धार लागली. मग सागाच्या पाठीवर, राघूंच्या मध्ये ठोकलं. कणही पडला नाही.

"पायात भुंगा हाय," मी म्हटलं. "तुमचे टाळ, तुमची ढोलकी, तुमचं कपाळ टेकणं, अन् महाराजाचा हा हलवणारा हात. लाकूड हादरलं का भुगा पडते. तपस्वी असते तर ते माझ्या लाटण्याले भ्याले असते का?"

मागे कोणीतरी हसलं. महाराज म्हणाले की बाईमाणसाच्या तोंडी लागून देवाची परीक्षा होत नसते. मी परात उचलून त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, परीक्षा नको, प्रसाद घ्या, एक चिमूट. त्यांना त्या दिवशी नेमका कडक उपास निघाला.

तेव्हा धर्मेंद्र बाटली घेऊन पायरीवर आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. त्यानं माईक घेतला नाही, पण अंगणातल्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

"हे कपाशीचं औषध हाय. माया बापानं खुर्चीत भरलं होतं, भुंगा माराले. थो तुमाले रोज सांगून राहिला होता. आमीच ऐकलं नाही. पियुषले काही झालं असतं तर ते आमच्या घरानं केलं असतं. करिश्मावहिनीचा काही दोष नाही."

मग त्यानं पटाशी लावून खुर्चीचा पुढचा पाय फोडला. आतून लाकूड जाळीसारखं पोकळ. आणि त्या जाळीत, जिथवर औषध पोचलं नव्हतं तिथे, एक पांढरी, लठ्ठ अळी उजेडानं वळवळत होती. लोक वाकून बघू लागले. आपापल्या घरच्या चौकटीत, पलंगात, नांगराच्या दांड्यात प्रत्येकानं ती पाहिलेली होती. म्हाताऱ्या किसनरावांनी कपाळावरचा अंगारा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि कोणाकडे न बघता चालू लागले. मग दुसरे, मग बायका. भोंगा तेवढा जीपवर चढवेपर्यंत खरखरत होता.

पियुष घरी आला त्या दिवशी आई आणि मी माणिकबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. आईंनी पदर पुढे धरला होता आणि त्यांना शब्द सापडत नव्हता, बाबांसारखाच. माणिकबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. करिश्मा बाहेर आली.

"मी नको म्हटलं होतं," मी म्हणाले, "पण हळू म्हटलं गं."

"मले ऐकू आलं होतं, वहिनी." ती पियुषच्या केसांतून हात फिरवत राहिली. "मी सासूले सांगतलं. पण मी बी हळूच सांगतलं."

खुर्चीचे पाय आम्ही रानात, विहिरीपासून लांब, खोल पुरले. सागाची पाठ आणि बैठक भिंतीला टेकवून ठेवली आहे. धर्मेंद्र म्हणतो नवे पाय लावू, पण त्याच्या बोलण्यात घाई नाही. गावात अजून सगळे माझ्या नजरेला नजर देत नाहीत आणि मीही देत नाही. बरं आहे. या शरमेचा थोडा उपयोग होऊ दे.

तुमच्याही दारात कधी अंगारा पडेल. मूर्ती दूध पिईल, खुर्चीला घाम फुटेल. हात जोडायच्या आधी एक करा. लाटणं घ्या आणि ठोकून पाहा. कुठून पडतं, कशानं पडतं, कोणाचा हात कुठे आहे ते बघा. आणि कोणी काही सांगत असेल तर पाया पडण्याआधी त्याला विचारा. लेकराला काय खाऊ घालायचं हा प्रश्न तरी मोठ्यानं विचारा, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

बाबांना आता दुसरा शब्द आला आहे. काल दुपारी अंकुर त्यांच्या खाटेला धरून उभा होता, तेव्हा ते म्हणाले, "पाणी."

आई तांब्या घ्यायला उठल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. परत आल्या, खाटेवर बसल्या, त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

"कायले पाणी?" त्यांनी विचारलं. "प्याले, का हात धुवाले, का पोट्ट्याले पाजू?"

आणि उत्तर येईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.